ओढ्यातली 'पावले' आधी तपासा

संपादक महोदय,
उन्हाळ्यात ओढे आटले की पात्रातल्या खळग्यांचे फोटो 'डायनोसॉरची पावले' म्हणून मोबाइलवर फिरू लागतात. गोकाक परिसरातला वालुकाश्म पन्नास कोटी वर्षांहून जुना आहे आणि डायनोसॉर आले सुमारे तेवीस कोटी वर्षांपूर्वी. पश्चिमेकडचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात पाऊल उमटून टिकणे जवळपास अशक्यच. दोन लाव्हाथरांमध्ये गाळाचा पट्टा दिसला, तर मात्र तो जरूर बघावा.

आपल्याकडे दिसतात ते बहुधा रांजणखळगे. भोवऱ्यात गोटे गरगरून ते कोरले जातात, म्हणून आतून गुळगुळीत असतात. खऱ्या पावलाभोवती दाबलेल्या चिखलाची कड उचललेली असते, खालचे पापुद्रे वाकलेले असतात. डावे-उजवे पाऊल ठरावीक अंतराने पुढे जाते. एकुलत्या खळग्यावर विश्वास ठेवू नये. टेक्सासमधल्या पॅलक्सी नदीत अशा रांगा आहेत, २०२२च्या दुष्काळात आणखी काही उघड्या पडल्या. पावलाच्या लांबीची चौपट म्हणजे ढोबळमानाने कमरेची उंची: ४५ सेंटिमीटरचे पाऊल असेल तर १८० सेंटिमीटर.

फोटो सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, शेजारी मोजपट्टी ठेवून, बरोबर वरून काढावा. दुपारी सावलीच पडत नाही. खडूने कड रंगवू नये, खरी कड झाकली जाते. प्लास्टर तर ओतूच नये, उचलताना दगडाचा पापुद्रा सोबत निघतो. फोटो आणि जागेची नोंद जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला दाखवावी. छिन्नी घरीच राहू द्या.

– भूशास्त्राचे काही शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)