गडवा तू दिला होतास

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र तान्ह्या पोळ्याच्या दिवशी हाती आले. गल्लीतली पोरे लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती आणि मी ओसरीवर बसून तुझे अक्षर वाचत होतो. तुझ्या गुडघ्याचे वाचून वाईट वाटले. आमच्याकडे पाऊस बरा आहे, कपाशी कमरेला लागली आहे आणि बोंडअळीची धास्ती नेहमीप्रमाणे आहेच. घरची खुशाली एवढीच. आज हे पत्र मी एका दुरुस्तीसाठी लिहितो आहे, आणि ती तुझ्या संमतीवाचून पुरी होणार नाही.

माझी नात यंदा नववीत आहे. शाळेने त्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांचे बालपण लिहून आणायला सांगितले आहे, म्हणून ती तीन रात्री वही घेऊन माझ्यापुढे बसली आणि मी बोलत गेलो. आपणही १९५६ साली नववीतच होतो, त्यामुळे तिच्या प्रत्येक प्रश्नाबरोबर मला आपली पांदण दिसत होती. दोन कोस चालत तालुक्याच्या शाळेत जाणे, पावसाळ्यात काळ्या मातीचा गारा पायाला इतका चिकटणे की दर दहा पावलांवर बाभळीच्या काडीने तळवे खरडावे लागत, आणि हिवाळ्यात दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांवरून हुरड्याचा धूर येत असताना पोटात उठणारी भूक, हे सारे तिला सांगितले. आपल्यापाशी घड्याळ नव्हते. जिनिंगचा भोंगा झाला की प्रार्थनेला किती वेळ उरला ते कळे, आणि मूर्तिजापूरहून यवतमाळकडे जाणारी गाडी कारंजा सोडून किती उशिराने येते आहे यावरून गुरुजींचा दुपारचा रागरंग ओळखता येई, कारण त्यांची टपाल त्याच गाडीने येत असे. त्या अडीच फुटी रुळांवरच्या गाडीला आता सगळे शकुंतला म्हणतात. आपण तिला नुसते गाडी म्हणत असू, कारण आपल्याला दुसरी गाडी ठाऊकच नव्हती. मँचेस्टरला बनलेले ते वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालले हे नातीला खरे वाटेना. देश स्वतंत्र झाला तरी तो लोहमार्ग खासगी कंपनीच्याच मालकीचा राहिला, हे तर तिला त्याहून खरे वाटेना.

मग तिने विचारले, ‘तुम्ही किती जण जात होता?’ मी म्हणालो, तिघे.

आपला तिसरा सोबती गावाच्या उगवतीच्या वस्तीतून येई आणि मोठ्या बाभळीखाली आपली वाट पाहत उभा राही. वाटेत आपण एकमेकांच्या दप्तरातले बोरे आणि कवठ खात असू, त्याची गणिते आपण उतरवून घेत असू, पण शाळेच्या फाटकातून आत गेलो की आपोआप थोडे अंतर पडत असे. त्या अंतराचा उच्चार कोणी केला नाही, आणि ते आहे हे आपल्या तिघांनाही ठाऊक होते. व्हरांड्याच्या कोपऱ्यात रांजण होता, त्यावर लाकडी झाकण आणि झाकणावर पितळी गडवा. बाकीची पोरे आपल्या हाताने पाणी घेत. त्याने ओंजळ धरायची आणि वर्गाच्या मॉनिटरने वरून धार सोडायची, अशी रीत होती. मॉनिटर मी होतो. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ मध्ये झाला होता, नागरिकशास्त्राच्या तासाला आपण तो पाठही केला होता, आणि तो तास सुटल्यावर मी व्हरांड्यात जाऊन वरून धार सोडत होतो.

त्या वर्षीचा दसरा रविवारी होता, १४ ऑक्टोबर. त्याच्या आधी चार दिवस तो शाळेत आला नाही. त्याच्या मायने पायातले वाळे मोडून तिकिटांचे पैसे उभे केले होते आणि वस्तीतली बहुतेक माणसे मूर्तिजापूरला मोठी गाडी धरून नागपूरला गेली होती. बाबासाहेबांनी तेथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखो माणसांना ती दिली. बावीस प्रतिज्ञा एवढ्या मोठ्या जमावाने उभे राहून म्हटल्या तेव्हा आवाज कसा घुमत होता, हे त्याने परत आल्यावर पांदणीतून चालताना सांगितले. त्याच्या बाबांनी आणि मायने पांढरी वस्त्रे नेसली होती, आणि त्याचाही सदरा धुऊन शुभ्र केला होता. तुला आठवते का, आपण त्याला काय काय विचारले? मोठ्या गाडीचे इंजिन केवढे असते, नागपूरच्या स्टेशनावर किती रूळ आहेत, रात्री कोठे झोपलात, खायला काय मिळाले. प्रतिज्ञा कोणत्या होत्या हे मी विचारले नाही, आणि तूही विचारल्याचे मला स्मरत नाही.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत तो रांजणापाशी आला. मी सवयीने गडवा बुडवून वर उचलला. त्याने ओंजळ केली नाही. उजवा हात सरळ पुढे धरला आणि हळू, पण स्पष्ट म्हणाला, ‘गडवा माह्या हातात दे.’ मी आधी गुरुजींच्या खोलीकडे पाहिले, मग तुझ्याकडे पाहिले, आणि गडवा हातात तसाच धरून उभा राहिलो. तो किती वेळ थांबला ते मला आज सांगता येणार नाही. नंतर तो फाटकाबाहेर गेला आणि स्टेशनवरच्या नळाला पाणी पिऊन आला. त्या दिवसापासून तो रोज तेथेच जाई. जाण्यायेण्यात सुट्टी संपे, आणि त्याची भाकर बांधलेली तशीच घरी परत जाई. संध्याकाळी आपण तिघे पुन्हा बरोबर चालत असू. त्याने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर मला सोपे गेले असते.

त्यानंतरचे दोन महिने माझ्या डोक्यात एकाच दोरीत ओवल्यासारखे आहेत. १ नोव्हेंबरला आपले आठ जिल्हे मध्यप्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. राज्य पुनर्रचना आयोगाने तर वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, त्यामुळे गावातली शहाणी माणसे पारावर बसून तावातावाने बोलत आणि नागपूरची राजधानी गेल्याची हळहळ करत. भूगोलाच्या गुरुजींनी भिंतीवरच्या नकाशात निळ्या पेन्सिलीने नवी हद्द आखली. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले. बातमी स्टेशनवरून गावात आली. त्या संध्याकाळी आपण दोघेच पांदणीने परतलो, आणि बाभळीपाशी आल्यावर दिसले की वस्तीतून कोठूनही चुलीचा धूर निघत नाही. आपण तेथे उभे राहिलो. वस्तीत जावे असे तू म्हणालास. अंधार पडतो आहे असे मी म्हणालो, आणि आपण घरी गेलो. तो आठ दिवस शाळेत आला नाही.

आणि २० डिसेंबरला गाडगेबाबा गेले. अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी देह ठेवला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, हेडमास्तरांनी पटांगणात सगळ्या शाळेला बसवून त्यांच्याविषयी सांगितले. गावात शिरले की हा माणूस आधी खराटा घेऊन रस्ते झाडी आणि रात्री कीर्तनात जातपात मोडायला सांगे, हे ऐकताना कित्येकांच्या डोळ्यांत पाणी होते. माझ्याही होते. सभा संपली आणि सुट्टीची घंटा झाली. आपला सोबती नेहमीप्रमाणे फाटकाकडे निघाला होता. तू रांजणाजवळ गेलास, झाकण काढलेस, गडवा भरून घेतलास आणि पटांगण ओलांडून त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलास. तू कोणाकडेही पाहिले नाहीस. ‘घे, पे,’ एवढेच म्हणालास. त्याने गडवा दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायले, उरलेले तुला दिले आणि तू ते त्याच गडव्याने प्यायलास. मी व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभा होतो.

पुढचे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. तुझ्या बाबांना शाळेत बोलावले गेले, त्यांनी पंधरा दिवस तुझ्याशी बोलणे टाकले आणि तू ऐन थंडीत बैलांच्या कोठ्यात झोपत होतास. काही पोरे घरून पाणी आणू लागली. गडवा दोन दिवस दिसला नाही, मग परत झाकणावर आला. वरून धार सोडायची पाळी त्यानंतर कोणी लावली नाही, आणि ती बंद झाली असेही कोणी सांगितले नाही. त्या उन्हाळ्याच्या तोंडी निवडणूक झाली तेव्हा मतदान आपल्याच वर्गात होते. पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि पेटीवर चिन्ह, अशी तेव्हाची पद्धत होती. त्याची माय मत देऊन बाहेर आली, रांजणातले पाणी स्वतःच्या हाताने घेऊन प्यायली आणि पदराने तोंड पुसत निघून गेली. हे मी पाहिले आहे. तू त्या दिवशी नव्हतास, म्हणून तुला सांगतो.

एप्रिलमध्ये नवे पैसे आले. एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस, या हिशेबावर चणेवाल्याशी आपण तिघांनी घातलेला वाद नातीला फार आवडला. तीन वेळा सांगायला लावला.

आता दुरुस्तीविषयी. मी तीस वर्षे मास्तरकी केली. दरवर्षी डिसेंबरात मी वर्गाला ही गोष्ट सांगत असे आणि शेवटी म्हणत असे, ‘मग आम्ही त्याच्या हातात गडवा दिला.’ पहिल्या वर्षी ‘आम्ही’ म्हणताना जीभ अडखळली होती. नंतर ती अडखळेनाशी झाली. पुढे पुढे मी ‘आम्ही’सुद्धा गाळले आणि नुसते ‘गडवा दिला’ म्हणू लागलो. कर्मणी प्रयोग मीच मुलांना शिकवत असे. त्यात क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, देणारा एक होता की दोन, तो होता की ती, हे वाक्यातून कळत नाही आणि कर्ता गाळला तरी वाक्य पुरे वाटते. इतकी वर्षे मी त्या वाक्याच्या आडोशाला उभा होतो, बापू. नातीनेही ते तसेच ऐकले आणि कर्त्याची रिकामी जागा प्रेमाने भरून टाकली. तिच्या वहीत मी वाचले, ‘माझ्या आजोबांनी मित्राच्या हातात गडवा दिला.’

मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी मी तिला जवळ बसवून सगळे सांगितले. ६ डिसेंबरची संध्याकाळही सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, ‘मग तुम्ही का दिला नाही?’ भीती वाटली, असे मी म्हणालो. कोणाची, असे तिने विचारले. गुरुजींची म्हणावे तर त्यांनी मला कधी दरडावले नव्हते. बाबांची म्हणावे तर तुझे बाबा माझ्या बाबांपेक्षा कडक होते. तिला देण्याजोगे उत्तर मला सापडले नाही, आणि अजून सापडलेले नाही.

तिला तुझे नाव लिहायचे आहे. माझीही तीच इच्छा आहे, पण तू या गोष्टीचा उच्चार कधी, अगदी माझ्यापाशीसुद्धा, केला नाहीस, म्हणून आधी तुला विचारतो. आणखी एक विचारायचे आहे. आपला तिसरा सोबती टपालखात्यातून निवृत्त होऊन नागपूरला मुलाकडे राहतो. लग्नकार्यात भेटी झाल्या, पण त्या वर्षातले त्याला काय आठवते हे मी त्याला कधी विचारले नाही, आणि ही गोष्ट मी त्याच्या परवानगीवाचून शेकडो मुलांना सांगितली. दसऱ्याची गर्दी ओसरली की आपण दोघांनी त्याच्याकडे जाऊन यावे असे मनात आहे. गाडी आता नाही, तेव्हा तू एसटीने यवतमाळपर्यंत ये, मी बसस्थानकावर असेन. पुढे वर्ध्यावरून जाऊ. तुझ्या गुडघ्याला त्रास होईल, तर नातू मोटार घेऊन तुझ्या दारापर्यंत येईल. त्याने त्या प्रतिज्ञा आपल्याला सांगितल्या, तर या वेळी शेवटपर्यंत ऐकून घेऊ.

वहिनींना नमस्कार. मुलाबाळांना आशीर्वाद.

नातीची वही सोमवारी शाळेत द्यायची होती. तिने बाईंना सांगून पंधरा दिवसांची मुदत घेतली आहे. ती ओळ खोडून तिने पुढची दीड पाने मोकळी सोडली आहेत. उत्तर लवकर पाठव.

तुझाच,
नाना