‘टॉम अँड जेरी’ दूरचित्रवाणीचे अपत्य नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या कार्यक्रमांविषयी आलेल्या लेखात ‘टॉम अँड जेरी’चा उल्लेख छोट्यांसाठीची जुनी टीव्ही मालिका असा झाला आहे. लेख एरवी वाचनीय आहे. पण याच समजुतीपोटी पुढे नंतरच्या कार्टूनमधील ओबडधोबड हालचालींचे खापर कलाकारांच्या आळसावर फोडले गेले आहे, म्हणून हे पत्र.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांचे हे ११४ लघुपट १९४० ते १९५८ या काळात एमजीएम कंपनीने चित्रपटगृहांसाठी प्रदर्शित केले. आपल्याकडे मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा वार्तापट दाखवत, हे माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. अमेरिकेत तेव्हा वार्तापटाच्या जोडीला सात-आठ मिनिटांचे एखादे कार्टूनही असे, आणि ते पाहणाऱ्यांत मुलांइतकीच तिकीट काढून आलेली मोठी माणसेही असत.

त्या सात मिनिटांमागचे कष्ट पाहावेत. सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम) या हिशेबाने त्या दहा हजारांवर जातात. एकच चित्र दोन चौकटींना वापरले, तरी हजारो चित्रे हाताने रेखाटून, पारदर्शक सेल्युलॉइडवर उतरवून रंगवावी लागत. १९४७ चा ‘द कॅट कॉन्सर्टो’ पुन्हा पाहावा. कोट घातलेला टॉम ऐटीत संगीतकार फ्रान्झ लिस्ट यांची दुसरी ‘हंगेरियन ऱ्हॅप्सडी’ ही रचना पियानोवर वाजवू लागतो, आणि पियानोच्या आत हातोड्यांवर झोपलेला जेरी त्यांच्या ठोक्यांनी उसळून जागा होतो. पुढे सुरांचा जोर वाढतो तसे भांडणही वाढत जाते, संवाद मात्र जवळजवळ नाहीच. या मालिकेला सात ऑस्कर मिळाली. ती निर्माते फ्रेड क्विम्बी यांच्या नावे जमा झाली, हा भाग वेगळा!

मग हा दर्जा टिकला का नाही? पूर्वी मोठ्या कंपन्या ‘आमचा गाजणारा चित्रपट हवा असेल, तर बाकीचा मालही घ्या’ अशी अट चित्रपटगृहांना घालत आणि त्या गाठोड्यात लघुपटही खपून जात. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली. निकाल योग्यच होता, पण कार्टूनला त्याची झळ बसली, कारण चित्रपटगृहांचे मालक त्यासाठी वेगळे पैसे मोजायला फारसे राजी नव्हते. त्यातच घरोघरी टीव्ही आला. जुनीच कार्टून पुन्हा दाखवून पैसा मिळतो आहे, हे पाहून एमजीएमने १९५७ मध्ये आपला कार्टून विभाग बंद केला; आधीच तयार असलेले लघुपट तेवढे १९५८ पर्यंत प्रदर्शित होत राहिले.

हॅना आणि बार्बेरा यांनी त्याच वर्षी टीव्हीसाठी काम सुरू केले, तेही पूर्वीच्या तुलनेत अगदी तुटपुंज्या पैशांत. त्यामुळे धड स्थिर ठेवून केवळ डोके, ओठ किंवा हात हलवण्याची रीत त्यांनी अंगीकारली. त्यांच्या टीव्ही कार्टूनमधील ‘योगी’ नावाच्या अस्वलाच्या गळ्यातील कॉलर पाहावी: धड तेच ठेवून डोके तेवढे बदलले, तरी मानेपाशी सांधा दिसू नये, ही तिची सोय. सात ऑस्करच्या कामामागचे हेच हात आळशी झाले, असे कसे म्हणावे?

‘टॉम अँड जेरी’ अमेरिकेत १९६५ पासून शनिवारी सकाळी टीव्हीवर नियमित दिसू लागले, तेही मुलांसाठी काही प्रसंग गाळून किंवा नव्याने रेखाटून. ‘मुलांची मालिका’ ही ओळख त्या काटछाटीनंतरची आहे. लेखात तशी दुरुस्ती व्हावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा