तळमजल्यावरच्या काकूंना

काकू, शिरसाष्टांग नमस्कार.

समोर आले की गळा दाटतो, म्हणून सगळ्यांसमक्ष लिहितेय.

लेकाला ब्लड कॅन्सर निघाला तेव्हा तो सहा वर्षांचा. पहिल्या केमोला मी त्याच्या आवडीची साबुदाण्याची खिचडी डबा भरून नेली. पोटभर जेवला आणि संध्याकाळी सगळं उलटून पडलं. तेव्हापासून खिचडीचं नाव काढलं तरी तोंड फिरवतो. तुमचा जन्म नर्सिंगमध्ये गेलेला. ऐकताच म्हणालात, "अगं, केमोच्या दिवशी आवडीचं द्यायचं नाही. उलटी होते औषधानं, पण पोर धास्ती घेतं त्या पदार्थाची." त्यामुळे निदान पोहे तरी वाचले. इंदूरच्या पोराचे पोहेच सुटले असते तर!

ती रात्र मी विसरणार नाही. उलटी थांबताच मी पाण्याचा पेला पुढे केला, तो तुम्ही बाजूला सारलात. पोट जरा शांत होऊ दिलंत. मग घड्याळ समोर ठेवून दर पाच मिनिटांनी ओआरएसचा एकच चमचा. त्याला तोंडात लोखंडासारखी चव लागायची, म्हणून स्टीलचा नको, नातवाचा निळा प्लास्टिकचा चमचा आणलात. बारावा चमचाही पोटात राहिला तेव्हा मला रडू फुटलं.

मग एकेक शिकवत गेलात. गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून मऊ भात निववून द्यायचा. दर दोन तासांनी चार घास, "ताट संपव" म्हणायचं नाही. उलटीचं औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच, मळमळ सुरू व्हायची वाट बघायची नाही. औषधच उलटून पडलं तर आपल्या मनानं पुन्हा न देता आधी डॉक्टरांना फोन. ताप १००.४ झाला, किंवा सहा-आठ तास शू झाली नाही, तर मध्यरात्र असली तरी लगेच कळवायचं.

आणि फोडणी! तुमच्या फोडणीचा वास वर आमच्या खिडकीत येतो, म्हणून केमोच्या दिवसांत तुम्ही ती बंदच केलीत. काका मुकाट्यानं बिनफोडणीचं वरण जेवत होते. तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत, मला परवा काकांकडून कळलं.

रविवारी त्यानं आपणहून पोहे मागितले. अर्धी बशी खाल्ली, वर शेव मागून घेतली. निळा चमचा धुऊन ठेवलाय. पुढची केमो गुरुवारी आहे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची सून
रामबाग, इंदूर