अप्पाकाकांचे स्पीकर भंगारात देऊ नकोस

मंद्या,

तुझे फोटो काल रात्री बघितले आणि आधी हेच सांगतो, ते स्पीकर भंगारवाल्याला देऊ नकोस. तू लिहिलंयस "कोन फाटलाय, नुसती खरखर येते, दादा म्हणतो जागा मोकळी कर". अरे कोन फाटलेला नाहीये! फोटो मोठा करून बघ, काळा कागदी कोन चांगला धड आहे, त्याच्या कडेला जी फोमची गोल रिंग असते ती गेलीये. हात लावलास की चुरा होतो ना, बोटाला डांबरासारखं चिकटतं ना, तेच ते. आणि ते काकांनी मोठ्याने वाजवले म्हणून झालेलं नाही, त्या काळचा पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलाव्यानेच हळूहळू तुटत जातो, न वाजवता नुसता पडून राहिला तरी दहा-पंधरा, फार तर वीस वर्षं. पुण्याचे इतके पावसाळे काढल्यावर तो टिकणं शक्यच नव्हतं. काका गेल्यावर कोणी लावलेच नाहीत म्हणून बिघडले असं तुझ्या आईला वाटतंय, तर तिला सांग तसं काही नाहीये.

आता ते नक्की काय आहे ते सांगतो, कारण मला वाटतं तुमच्याकडे कोणालाच माहीत नाही. ते ॲडव्हेंट आहेत, लोक ज्याला लार्ज ॲडव्हेंट म्हणतात ते. ट्विटरच्या, म्हणजे वरचे बारीक सूर काढणाऱ्या छोट्या स्पीकरच्या, मधला तो पिवळट गोळा बघितलास का, अंड्याच्या बलकासारखा, इथे त्याला फ्राईड एग ट्विटरच म्हणतात, त्यावरून लांबूनही ओळखू येतात. १९६९ मध्ये निघाले, केंब्रिज मॅसॅच्युसेट्समध्ये अल्बनी स्ट्रीटवर कंपनी होती, मी राहतो तिथून गाडीने जवळच. आता त्या रस्त्यावर एमआयटीच्या इमारती आणि लॅब्ज आहेत. पण ५०-६०-७०च्या दशकात घरच्या स्पीकरची दुनिया या एवढ्याशा गावातून चालायची हे मला इथे येऊन बरीच वर्षं झाली तरी कळलं नव्हतं, शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं आणि मग मी त्या नादाला लागलो तो लागलोच.

गोष्ट अशी आहे. एडगर व्हिल्चर म्हणून एक माणूस होता, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत शिकवायचा. तेव्हा चांगला बेस पाहिजे म्हणजे कपाटाएवढं खोकं लागायचं. वूफरचा, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, कोन ज्या कडेवर आणि मागच्या स्पायडरवर (कोनला मागून धरणारी लवचिक चकती) लटकलेला असतो ती कड ताठ असायची, तीच स्प्रिंगचं काम करायची, आणि ती स्प्रिंग वाईट. थोडं हललं की ठीक, जास्त हललं की आवाज बिघडला. व्हिल्चरने उलटा विचार केला. कड एकदम ढिली, मऊ करायची आणि खोकं पूर्ण हवाबंद करायचं, मग आत कोंडलेली हवाच स्प्रिंग होते. सायकलच्या पंपाचं भोक बोटाने दाबून दांडा ढकलून बघ, हवा कशी परत ढकलते, तसं. आणि हवेची स्प्रिंग ही कागदाच्या किंवा कापडाच्या कुठल्याही स्प्रिंगपेक्षा कितीतरी सरळ वागते. पहिल्या नमुन्यासाठी ती मऊ कड त्याच्या बायकोने, रोझमेरीने, आखून दिली, ती ड्राफ्टिंगचं काम केलेली होती, आणि कड केली गादीच्या खोळीच्या कापडाची! मला हा तपशील इतका आवडतो की मी सगळ्यांना सांगत सुटतो.

त्याचा एक विद्यार्थी होता हेन्री क्लॉस, तो केंब्रिजमध्ये आधीच स्पीकरची खोकी बनवायचा. दोघांनी १९५४ मध्ये ॲकूस्टिक रिसर्च म्हणजे एआर काढली. शेल्फवर मावेल एवढं खोकं आणि त्यातून ऑर्गनचा खालचा सूर, लोकांचा विश्वास बसेना. नंतर एआरने प्रयोग केले, स्टेजवर फाईन आर्ट्स क्वार्टेट, म्हणजे चार जणांचा व्हायोलिन-चेलोचा ताफा, खरंखुरं वाजवतंय, शेजारी एआर-३ स्पीकर ठेवलेले, मधेच वादक नुसते गज फिरवतात आणि आवाज स्पीकरमधून, परत खरं, परत स्पीकर, आणि ऐकणाऱ्यांना अदलाबदल कळत नसे. केंब्रिजमध्येच हार्वर्ड स्क्वेअरला त्यांची ऐकायची खोली होती, तिथे काही विकायचेच नाहीत, कोणीही जावं, बसावं, ऐकावं. मला राहून राहून वाटतं अप्पाकाका शिकायला इथे होते तेव्हा तिथे जाऊन बसले असतील. आईला विचार ना, त्यांनी कधी काही सांगितलं होतं का.

क्लॉस १९५७ मध्येच बाहेर पडला, आणखी दोघांबरोबर केएलएच काढली, के म्हणजे क्लॉसच, आणि मग १९६७ मध्ये ॲडव्हेंट. खरं तर त्याला मोठ्या पडद्याचा टीव्ही करायचा होता, त्यासाठी पैसा पाहिजे म्हणून हे स्पीकर. पण केले ते इतके मन लावून. एआरचा सगळ्यात महाग स्पीकर जितका खाली जातो तितकंच खाली जायचं आणि साधारण निम्म्या किमतीत, हे त्याने ठरवूनच ठेवलं होतं. फक्त दोन ड्रायव्हर, एक वूफर एक ट्विटर, १००० हर्ट्झला वाटणी, खालचं वूफरकडे, वरचं ट्विटरकडे. कॉलेजच्या पोरांना परवडायला लागले. काका तेव्हा विद्यार्थीच होते, मग हेच घेतले यात काही नवल नाही, आणि जाताना जहाजाने पाठवले म्हणजे बघ त्यांना किती वाटत असेल, एकेक नग वीस किलोच्या आसपास आहे.

हे सगळं पुराण लावलं कारण दुरुस्तीचा सगळा मुद्दा यातच आहे. ती फोमची रिंग म्हणजे नुसती शोभेची पट्टी नाही. ती मऊ असायलाच पाहिजे आणि खोकं हवाबंद असायलाच पाहिजे, या दोन गोष्टी परत जागेवर आल्या की स्पीकर परत क्लॉसचा झाला, नाही आल्या तर बाकी कितीही खर्च कर. म्हणून तू जर तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, नेलेस (तिथे हाताने कोन बसवणारी फार चांगली माणसं आहेत, मी कॉलेजात असताना तासन् तास बघत बसायचो) तर एकच सांग, कोन बदलायचा नाही, म्हणजे रिकोन करायचा नाही, रबराची जाड रिंग लावायची नाही. रबर जास्त टिकतं हे खरंय, पण ते जड आणि ताठ असतं, कोनचं वजन आणि लवचिकपणा दोन्ही बदलतात, मग खालचा बेस जातो आणि मधेच एक बदबद येते. मूळचा कोन आणि मूळची व्हॉइस कॉइल (कोनच्या मागची तारेची गुंडाळी) शाबूत असताना ती काढून टाकणं मला तरी पाप वाटतं.

पण माझं ऐकशील तर स्वतःच कर. मी शेजाऱ्यांची हीच जोडी केली, तू तर इंजिनियर आहेस. आधी वूफर काढताना घाई करू नको, खाली काळी पुट्टी किंवा गास्केट असतं, वर्षानुवर्षं चिकटलेलं, हळूहळू सैल करायचं, स्क्रू ड्रायव्हरने एका जागी जोर दिलास तर कड उडेल. मागच्या वायरींचा फोटो काढून ठेव. आत फायबरग्लास भरलेलं दिसेल, मास्क आणि ग्लोव्ह्ज घाल, आणि ते काढून टाकू नको किंवा "जरा जास्त भरतो" असंही करू नको, ते मापून भरलेलं असतं, त्याने आतली हवा आणखी मऊ वागते.

मग जुना फोम काढणं. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं, एक अख्खी संध्याकाळ दे. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूस, आणि लाकडी काडी, धातू नको. आधी एक बघून ठेव की फोम कोनच्या पुढच्या बाजूला चिकटवला होता का मागच्या, नवीन तसाच लावायचा. कोन ओला चिंब करू नकोस, कागद आहे तो. सगळा चिकट थर निघाला पाहिजे, नाहीतर नवीन गोंद त्या घाणीवर बसतो आणि वर्षभरात सुटतो.

गोंद पांढरा, पाण्याचा, सुकला की पारदर्शक होणारा. रबर सोल्यूशनसारखा लगेच पकडणारा नको, कारण आपल्याला हलवायला वेळ लागतो. आधी रिंग फक्त कोनला चिकटव, रात्रभर राहू दे. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या फ्रेमला. आणि इथे खरी मजा आहे बघ. व्हॉइस कॉइल मॅग्नेटच्या फटीत बरोबर मध्ये बसली पाहिजे, कुठेही घासता कामा नये. काही लोक मधली टोपी कापून कागदाच्या पट्ट्या घालतात, मला ते आवडत नाही, मूळची टोपी जाते. मी गोंद ओला असतानाच वूफर ॲम्प्लिफायरला लावतो, मोबाईलवरच्या ॲपने ३० हर्ट्झचा सूर, अगदी हळू, कोन नुसता श्वास घेतल्यासारखा हलतो, आणि कान जवळ नेऊन ऐकायचं. घासत असेल तर बारीक खसखस येते. बोटांनी कड किंचित इकडे किंचित तिकडे सरकवत राहायचं, आणि एका क्षणी खसखस पूर्ण थांबते, फक्त हालचाल दिसते, आवाज जवळजवळ नाहीच. तिथे सोडून द्यायचं आणि हात लावायचा नाही. मला या सगळ्या उद्योगातला हा क्षण सगळ्यात जास्त आवडतो.

परत बसवण्याआधी दीड व्होल्टचा सेल दोन्ही वूफरना क्षणभर लावून बघ, प्लसला प्लस, दोघांचे कोन एकाच दिशेला गेले पाहिजेत. बसवल्यावर हवाबंद झालं का ते बघायला कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सगळीकडून सारखा आत दाब आणि सोड. सावकाश बाहेर आला तर छान, टणकन आला तर कुठेतरी हवा गळतीये, गास्केट परत बघ.

क्रॉसओव्हरमधले, म्हणजे वूफर-ट्विटरमध्ये सूर वाटणाऱ्या सर्किटमधले, कपॅसिटर मात्र सरळ बदल, इतक्या वर्षांत त्यांचं माप सरकतं आणि ट्विटर एकतर मंद होतो नाहीतर कर्कश. जुन्यावर जेवढे मायक्रोफॅरड लिहिलेत तेवढेच, नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेले) किंवा फिल्मचे. सोन्याच्या भावाचे भारी कपॅसिटर लोक सुचवतील, काही गरज नाही. मागे तीन पोझिशनचा स्विच आहे, ट्विटर कमी-जास्त करायचा, तो खूप वेळा फिरव, कॉन्टॅक्ट क्लीनर मार. कितीदा "ट्विटर गेला" म्हणतात आणि गेलेला असतो नुसता स्विचचा कॉन्टॅक्ट. माझ्याकडच्या एआर-२एएक्स स्पीकरचं तसंच, मागे मिड (मधल्या सुरांचा ड्रायव्हर) आणि ट्विटरचे गोल पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची बटणं, असतात, आतून हिरवे झालेले, उघडून साफ केले आणि दोन्ही ड्रायव्हर बोलायला लागले. त्यांचे वूफर जुन्या पद्धतीचे, कापडी कडेचे, ते अजून ठणठणीत आहेत!

लाकडाला पॉलिश पेपर जोरात घासू नको, व्हिनिअर पातळ आहे. आधी नुसतं पुसून घे, मग जवसाचं तेल पातळ हात. आणि हे नीट लक्षात ठेव, तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकायचे नाहीत, ते आपोआप तापून पेट घेतात, पाण्यात बुडवून मग फेक.

ॲम्प्लिफायर जरा दमदार पाहिजे, ३०-४० वॉट तरी चांगले, हवाबंद खोक्याचे स्पीकर ताकद खातात. काकांचा जुना ॲम्प्लिफायर असेल तर तो आधी कोणाकडून तरी तपासून घे, लगेच जोडू नको.

आणि ऐकायचं काय म्हणशील तर तबला. बाहेर लोक बेस म्हणजे धाडधाड समजतात, पण बायाँवर, म्हणजे डग्ग्यावर, मनगट दाबून वादक जी मींड काढतो ना, सूर खाली जाऊन परत वर वळतो, ती बारक्या ब्लूटूथच्या डब्यावर फक्त "भुम" अशी येते, एकाच सुराची. ॲडव्हेंटवर ती वळते. खरंच वळते, चामड्यावर हात सरकलेला कळतो. मी भीमसेनजींची जुनी एलपी लावली होती तेव्हा तानपुऱ्याच्या खर्जाची तार गाण्याच्या खालून सगळा वेळ चालू असलेली पहिल्यांदा नीट ऐकली, इतकी वर्षं ते रेकॉर्डिंग पाठ होतं मला. काकांच्या रेकॉर्ड्स अजून आहेत ना, किशोरीताईंच्या, मन्सूरांच्या? त्या कोणाला देऊन टाकल्या नसशील अशी आशा आहे.

आता कामाचं. १० इंची म्हणून मिळेल ती रिंग चालत नाही. ॲडव्हेंटचे दोन प्रकार आहेत, जुन्यात वूफरच्या पत्र्याच्या फ्रेमभोवती मेसोनाईटची, म्हणजे दाबलेल्या लाकडी बोर्डची रुंद रिंग असते, नंतरच्यात सगळी फ्रेम धातूची, आणि दोघांच्या फोमचं माप वेगळं. तुझ्या फोटोत सावलीमुळे कळत नाहीये. म्हणून उजेडात एक समोरून फोटो काढ, कोनचा व्यास पट्टीने मोजून मिलिमीटरमध्ये पाठव, आणि मागच्या लेबलचाही फोटो दे. ताई डिसेंबरमध्ये पुण्याला येतीये, तिच्या बॅगेत रिंगा, गोंद आणि कपॅसिटर देतो, पैशाचं काढू नकोस. तोपर्यंत गॅलरीतून उचलून आतल्या खोलीत ठेव, कोन बाहेरच्या बाजूला उघडा आहे, उंदीर किंवा पोरांचं बोट गेलं तर मग खरंच अवघड होईल. दादाला म्हणावं जानेवारीपर्यंत थांब, मग मी व्हिडिओ कॉलवर असतो, आपण दोघं मिळून करू.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
सुहास