साचेखात्याचा पत्ता सांगणाऱ्या ग्रंथपालबाईंना

आदरणीय ग्रंथपाल महोदया,

सप्रेम नमस्कार.

मॅसॅच्युसेट्समधील आपल्या गावी, आमच्या मुलाकडे, आम्ही उभयता गेल्या उन्हाळ्यात चार महिने राहिलो. हे पत्र मराठीत लिहीत आहे, कारण मला आभार मानता येतात ते याच भाषेत. मुलगा आपल्याला त्याचा अर्थ इंग्रजीत सांगेलच. ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे की, मुलांकडे अमेरिकेत जाऊन खिडकीतून रस्ता पाहत बसणाऱ्या अनेक मराठी आईवडिलांना आपण मला जे सांगितले ते कोणी सांगितलेले नसते.

मी आपल्या ग्रंथालयात आलो तो केवळ पंख्याखाली बसून वर्तमानपत्र चाळण्यासाठी. ग्रंथालयाच्या कार्डावर पुस्तकाप्रमाणेच संग्रहालयांचे सवलतीचे पासही मिळतात, हे आपण सांगितले तेव्हा मला ते खरे वाटेना. मुंबईत मी चाळीस वर्षे वाचनालयाची वर्गणी भरली, पण वाचनालयाने मला कधी तिकीट काढून दिले नाही. मी आपल्याकडे प्रेक्षणीय स्थळांची यादी मागितली. ती देण्याआधी आपण विचारलेत, ‘तुमचे वडील काय करीत?’ प्रश्न मला जरा आगाऊ वाटला, हे आज कबूल करतो. ‘कापडाच्या गिरणीत साचे, म्हणजे यंत्रमाग, चालवीत,’ असे मी उत्तर दिले. आपण यादीतले पहिले नाव खोडून त्या जागी ‘लोवेल’ लिहिले.

बोस्टन आम्ही पाहिलेच. ऐतिहासिक स्थळे जोडणाऱ्या फ्रीडम ट्रेलच्या विटांच्या लाल पट्ट्यावरून अडीच मैल चाललो. अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातल्या पॉल रिव्हिअरचे लाकडी घर सुमारे १६८० सालचे आहे, म्हणजे शिवछत्रपतींचे निर्वाण ज्या वर्षी झाले त्या सुमाराचे, हे ऐकून पत्नी म्हणाली की मग आपल्याकडचे निम्मे वाडे यांच्यापुढे तान्हे ठरतील. त्याच लढ्यातल्या बंकर हिलच्या लढाईच्या स्मारक-मनोऱ्याच्या २९४ पायऱ्या माझ्या गुडघ्यांनी नाकारल्या, म्हणून त्याविषयी काही लिहीत नाही. इंग्रजांच्या चहावरील कराच्या निषेधार्थ बंदरात चहाच्या ३४२ पेट्या बुडवल्या गेल्या त्या १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री. तिथे उभा असताना मात्र मनात आले की त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेरीस शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता. पेट्या ईस्ट इंडिया कंपनीच्या होत्या, आणि त्या खुनानंतरच्या भाऊबंदकीत राघोबादादा ज्यांच्या आश्रयाला गेले तेही त्याच कंपनीचे मुंबईकर अधिकारी होते. काँकर्डच्या नॉर्थ ब्रिजवर १९ एप्रिल १७७५ रोजी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या आरंभीची गोळी झाडली गेली, तेव्हा राघोबादादा आणि कंपनी यांच्यातला सुरतेचा तह होऊन जेमतेम दीड महिना लोटला होता. शाळेत हे दोन इतिहास आम्हाला दोन वेगळ्या पुस्तकांत शिकवले गेले, त्यामुळे त्यांची एकमेकांशी कधी गाठ पडली नाही.

सेलमला जाताना आपण बजावले होते की चेटकिणींच्या नावाने मांडलेल्या दुकानांत दिवस घालवू नका. आम्ही ऐकले. चेटकाच्या आरोपावरून झालेल्या १६९२ च्या खटल्यांत फाशी गेलेल्या एकोणीस जणांच्या, आणि अंगावर दगड रचून मारल्या गेलेल्या वृद्ध जाइल्स कोरीच्या स्मारकापाशी थोडा वेळ बसलो, आणि तिथून पीबॉडी एसेक्स संग्रहालयात गेलो. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्न ओलांडून आलेल्या कप्तानांनी आणि व्यापाऱ्यांनी १७९९ मध्ये जी संस्था स्थापन केली तिच्यातून हे संग्रहालय वाढले. मुंबईच्या नसरवानजी माणेकजी वाडियांसारख्या पारशी व्यापाऱ्यांशी त्यांचा व्यवहार होता, हे मला तिथे कळले. पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेनांची चित्रे पाहायला सेलमपर्यंत यावे लागेल, असे मात्र वाटले नव्हते. त्याच गावातल्या टॅबर्नॅकल चर्चमध्ये ६ फेब्रुवारी १८१२ रोजी ज्या पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली, त्यांतला गॉर्डन हॉल पुढच्या वर्षी मुंबईत उतरला आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. या मिशनचे मोठे केंद्र पुढे जिथे झाले त्या नगरच्या माणसाला हे सांगितले तर तो सेलमला पाहुणा म्हणून नव्हे, जुना शेजारी म्हणून जाईल.

वॉल्डन तळ्याविषयी एकच सांगतो. त्या काळी बोस्टनचे व्यापारी तळ्यांवरचा बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजाने हिंदुस्थानात पाठवीत. १८४६-४७ च्या हिवाळ्यात वॉल्डनचा बर्फ कापला जात असताना लेखक थोरो काठावर झोपडी बांधून राहत होता, सकाळी भगवद्गीता वाचत होता, आणि आपल्या विहिरीचे पाणी मद्रास, मुंबई, कलकत्त्याची माणसे पिणार अशी गंमत त्याने लिहून ठेवली. आपण दिलेल्या पासामुळे तिथे गाडी उभी करण्याचे पैसे पडले नाहीत, याचा आनंद माझ्या मुलाला थोरोपेक्षा अधिक झाला.

आता लोवेल. मेरिमॅक नदीच्या पॉटकेट धबधब्याचे पाणी कालव्यांतून फिरवून त्यावर गिरण्यांचे हे शहर उभे राहिले आणि १८२६ मध्ये त्याला गावाचा दर्जा मिळाला. आज तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे, आणि बूट कॉटन मिल्सच्या जुन्या इमारतीत संग्रहालय आहे. दाराशीच कानात घालायचे बोळे देतात. ते मी खिशात ठेवले. लांबलचक खात्यात ऐंशीहून अधिक साचे ओळीने उभे होते. त्यांतले थोडेच चालू होते, तरी पायाखालची लाकडी जमीन हलत होती, वर पट्टे फिरत होते, आणि तेलाचा व सुताचा तो वास माझ्या वडिलांच्या सदऱ्याला होता तोच होता. वडील साठाव्या वर्षी अर्धे बहिरे झाले होते आणि आमच्याशी ओठ पाहून बोलत. घरात ते उगाच ओरडतात असे आम्हा भावंडांना लहानपणी वाटे. त्या खात्यात मी पत्नीला काहीतरी सांगण्यासाठी ओरडलो, तिला ते ऐकू गेले नाही, आणि मी गप्प उभा राहिलो.

तिथल्या मार्गदर्शकाने मागावर आडवे सूत नेणारा लाकडी धोटा माझ्या हातात दिला. नव्या बाबीणचे, म्हणजे सुताच्या रिळाचे, सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि त्यातून छातीचे रोग पसरत, हे तो समजावू लागला, तेव्हा मी ते करून दाखवले. वडिलांचे पाहून लहानपणी शिकलो होतो. त्यानंतर तो मला बराच वेळ प्रश्न विचारीत राहिला. त्या चार महिन्यांत इतके प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारले नाहीत.

शेजारच्या इमारतीत गिरणीतल्या मुलींचे वसतिगृह जसेच्या तसे मांडले आहे. शेतकऱ्यांच्या या मुली घंटेवर उठत, दिवसाला बारा-तेरा तास काम करीत, आणि पगारकपात झाली तेव्हा १८३४ मध्ये, राहण्याजेवण्याचा खर्च वाढला तेव्हा १८३६ मध्ये, काम टाकून रस्त्यावर उतरल्या. माझी पत्नी मात्र जेवणाच्या लांब टेबलापाशी थांबून ताटे मोजत होती. तिची आई डिलाईल रोडच्या चाळीत कोकणातून आलेल्या पंधरा गिरणी कामगारांची खाणावळ चालवीत असे. ‘एवढ्यांचे करणारी बाई कुठे आहे?’ असे तिने विचारले. वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईचीही माहिती तिथे आहे, हे पाहून तिचे समाधान झाले.

या संग्रहालयाचे मला सर्वांत मोल वाटते ते त्याने कापसाचा उगम लपवलेला नाही याचे. लोवेलचा कापूस दक्षिणेकडील गुलामांनी वेचलेला होता, आणि त्यातून विणलेले जाडेभरडे कापड पुन्हा त्यांच्याच अंगावर जाई. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, कापूस तुटला, लोवेलच्या अनेक गिरण्या थांबल्या. त्याच चार वर्षांत इंग्लंडला कापूस पुरवून मुंबईत सोन्याचा धूर निघाला, प्रेमचंद रायचंदांचे नाव घरोघरी गेले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो फुगा फुटला. त्यांच्याच देणगीतला राजाबाई टॉवर मी रोज गाडीतून उतरल्यावर पाहत असे. तो मनोरा कोणाच्या युद्धाच्या पैशातून आला याचा विचार करायला मला लोवेलला जावे लागले.

वडिलांची गिरणी १९८२ च्या संपानंतर पुन्हा नीट चालली नाही. आज तिथे दुकाने आहेत, एक चिमणी शोभेला ठेवली आहे, आणि तिच्याखाली साचेखाते होते हे सांगणारी पाटीसुद्धा नाही. लोवेलमध्ये भिंती, कालवे, साचे आणि खाणावळीचे टेबलसुद्धा राखले. मला तिथे हेवा वाटला, हेही लिहून ठेवतो.

महोदया, पास मी वेळेवर परत केला, परंतु त्या दिवशी आपली सुट्टी असल्यामुळे भेट झाली नाही. आपल्या यादीतले वॉल्थम राहून गेले. कापसापासून कापडापर्यंतचे सारे काम अमेरिकेत एका छपराखाली प्रथम जिथे झाले ती १८१४ ची गिरणी पाहण्यासाठी पुढच्या जूनमध्ये येत आहोत. पास कार्डावर नोंदवून ठेवण्यास मुलाला सांगितले आहे. आणखी कोठे जावे हे विचारायला मी पहिल्याच आठवड्यात आपल्याकडे येईन, आणि या वेळी पत्नीही बरोबर असेल. तिच्या आईविषयीही विचारावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
लालबागचा एक वाचक