उपचार न्यायालये : न्यायासनाच्या अलीकडची माणसे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील उपचार न्यायालयांवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. व्यसनाच्या आहारी जाऊन गुन्हा करणाऱ्याला नुसते तुरुंगात न डांबता न्यायालयाच्या देखरेखीखाली उपचार घ्यायला लावणारी ही पद्धत मराठी वाचकांपर्यंत पोहोचली, याचा आनंद वाटला. मात्र लेख वाचून कुणाचाही असाच समज होईल की, कनवाळू न्यायाधीश लाभला की निम्मे काम फत्ते होते. मी अमेरिकेतील अशाच एका न्यायालयाच्या पथकात व्यसनमुक्ती समुपदेशक म्हणून काम करते. न्यायाधीशांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. परंतु या न्यायालयांचा डोलारा ज्यांच्या खांद्यावर आहे त्यांपैकी बहुतेक जण न्यायासनावर बसत नाहीत. त्यांच्या कामाचा आणि अडचणींचा उल्लेख लेखात ओझरतासुद्धा आला नाही, म्हणून हे पत्र.

पहिले उपचार न्यायालय १९८९ मध्ये फ्लोरिडातील मायामी येथे सुरू झाले. कोकेनच्या प्रकरणांनी तेथील तुरुंग आणि न्यायालये तुंबली होती. तीच माणसे पकडली जात, सुटत आणि काही महिन्यांत पुन्हा त्याच कठड्यात उभी राहत. या प्रयोगामागे न्यायाधीशांइतक्याच तेथील तत्कालीन मुख्य सरकारी वकील जॅनेट रेनो उभ्या राहिल्या, ज्या पुढे देशाच्या अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुख झाल्या. म्हणजे हे काम पहिल्या दिवसापासून एकट्यादुकट्याचे नव्हते. १९९७ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने या न्यायालयांची दहा मूलतत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतील दुसरे तत्त्व असे की सरकारी वकील आणि बचाव पक्षाचे वकील यांनी एकमेकांवर कुरघोडी करण्याचा पवित्रा बाजूला ठेवावा, पण तसे करताना आरोपीच्या कायदेशीर हक्कांना धक्का लागू देऊ नये. हे वाक्य लिहायला सोपे आहे. ते पाळताना काय तारांबळ उडते, ते पुढे सांगते.

आज अमेरिकेत अशी चार हजारांहून अधिक न्यायालये आहेत. त्यांतली काही केवळ दारू किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली गाडी चालवणाऱ्यांसाठी आहेत, आणि अशा न्यायालयांची सुरुवात १९९५ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातील डोन्या आना काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) झाली असे मानले जाते. मद्यपी चालकांमुळे होणाऱ्या अपघातांत त्या देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात, हे लक्षात घेतले म्हणजे या स्वतंत्र शाखेची गरज का भासली हे कळते. लेखात मात्र दोन्ही प्रकारची न्यायालये एकाच मापाने मोजली आहेत, आणि माझा पहिला आक्षेप तिथेच आहे.

हेरॉइन किंवा मेथ (मेथॅम्फेटामाइन हा उत्तेजक अमली पदार्थ) यांच्या प्रकरणात आमच्याकडे येणारा माणूस बहुधा सगळे गमावून आलेला असतो. दारू पिऊन गाडी चालवताना तिसऱ्यांदा पकडल्या गेलेल्या माणसाला पुष्कळदा नोकरी असते, घर असते, अंगावर चांगले कपडे असतात आणि ‘त्या रात्री जरा जास्त झाली, एवढेच’ हे वाक्य तयार असते. जी वस्तू तो पितो ती दुकानात राजरोस मिळते. आपल्याला आजार आहे हे त्याला मान्य नसते आणि त्याच्या घरच्यांनाही पुष्कळदा नसते. अशा माणसाशी पहिले दोन-तीन महिने बोलणे हे समुपदेशकाचे सर्वांत जिकिरीचे काम, कारण त्याने गोड बोलून सगळ्या अटी पाळल्याचा देखावा करणे त्याला सहज जमते. शिवाय परवाना निलंबित झालेला असतो, आणि जिथे सार्वजनिक वाहतूक नावालाच आहे अशा भागात त्याला कामावर, उपचाराला, चाचणीला आणि न्यायालयात वेळेवर पोहोचायचे असते. तो गाडी घेऊन आला तर नवा गुन्हा आणि न आला तर गैरहजेरी. हा पेच न्यायासनावरून सुटत नाही. पथकाचा समन्वयक कुणाला बसचे पास मिळवून देतो, कुणाची चाचणीची जागा बदलून घेतो, कुणासाठी गाडीत श्वासचाचणीचे कुलूप बसवून मर्यादित परवान्याची सोय होते का ते पाहतो. हे कुलूप म्हणजे चालकाने आधी यंत्रात फुंकर मारायची आणि श्वासात दारू आढळली की गाडी सुरूच होत नाही.

दुसरा मुद्दा चाचण्यांचा. कोकेन किंवा गांजाचे अंश लघवीत काही दिवस टिकतात, पण दारू काही तासांत शरीरातून निघून जाते. शुक्रवारी रात्री प्यालेला माणूस शनिवारी दुपारी श्वासचाचणीत स्वच्छ निघू शकतो. म्हणून दारू पचल्यावर तयार होणारा एक घटक लघवीत शोधणारी ‘ईटीजी’ चाचणी वापरतात, जिच्यात दोन-तीन दिवसांपूर्वीचे पिणेही सापडू शकते. काहींच्या घोट्याला घामातील दारू दर अर्ध्या तासाने तपासणारे कडे बांधतात. आठवड्यातून निदान दोनदा, आणि केव्हा ते आधी कळू न देता, चाचणी घ्यावी असा दंडक आहे. अनेक ठिकाणी प्रत्येकाला एक रंग ठरवून देतात. त्याने रोज सकाळी ठरलेल्या क्रमांकावर फोन करायचा आणि आपला रंग पुकारला असेल तर त्याच दिवशी हजर व्हायचे. रविवारीसुद्धा. हे सगळे ऐकल्यावर काही आरोपी सरळ तुरुंगवास पत्करतात, आणि ‘ही तर शिक्षा चुकवण्याची पळवाट’ म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. मद्यपी चालकांच्या न्यायालयांत बहुतेक ठिकाणी दोषसिद्धीही पुसली जात नाही.

आता त्या बैठकीविषयी, जी वाचकांना कधी दिसत नाही. न्यायालय भरण्यापूर्वी न्यायाधीश, समन्वयक, दोन्ही बाजूंचे वकील, आरोपीवर तुरुंगाबाहेर देखरेख ठेवणारा प्रोबेशन अधिकारी, पोलिसांचा प्रतिनिधी आणि उपचार केंद्राचा समुपदेशक एका टेबलाभोवती बसतात आणि त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाची फाइल उघडतात. समजा, एकाचा नमुना प्रयोगशाळेने ‘पातळ’ म्हणून परत पाठवला आहे, म्हणजे त्यातील क्रिएटिनिन या लघवीत नेहमी असणाऱ्या घटकाचे प्रमाण शंभर मिलिलिटरला वीस मिलिग्रॅमपेक्षा कमी भरले आहे. दारू लपवायला त्याने भरमसाट पाणी प्यायले की उन्हात काम केल्यामुळे तहानेपोटी प्यायले? प्रोबेशन अधिकारी सांगतो की त्याच आठवड्यात तो घरी सापडला नाही. बचाव पक्षाचा वकील विचारतो की त्याला पातळ नमुन्याचा नियम लेखी दिला होता का. सरकारी वकील मागच्या अपघाताची नोंद पुढे सरकवतो. मी एवढेच सांगते की तो गटाच्या बैठकांना येतो आहे, बोलतो आहे आणि पहिल्यांदाच पत्नीला सोबत घेऊन आला होता. दहा मिनिटांच्या या खडाजंगीतून काय करायचे ते ठरते: समोर उभे राहून नमुना घ्यायचा, घोट्याला कडे बांधायचे, की उपचाराचे तास वाढवायचे. मग न्यायालयात न्यायाधीश त्याच्याशी जे चार शब्द बोलतात, ते या टेबलावरून आलेले असतात. न्यायाधीशांनी प्रत्येकाला किमान तीन मिनिटे दिली तर परिणाम चांगले दिसतात असे संशोधन सांगते, आणि लेखात त्याचे कौतुकही आहे. पण त्या तीन मिनिटांत बोलायचे काय, हे ठाऊक असण्यासाठी आदल्या आठवड्यात कुणीतरी त्या माणसाच्या दारात उभे राहिलेले असावे लागते.

इथेच खरी मेख आहे. एकत्र बसता बसता सगळे एकाच सुरात बोलू लागतात, आणि ते मला सर्वांत धोक्याचे वाटते. बचाव पक्षाचा वकील पथकाचा लाडका झाला की अशिलाच्या वतीने हरकत घेणे त्याला अवघड वाटू लागते. वास्तविक कोठडीची शिक्षा द्यायची वेळ आली तर आरोपीला सुनावणीचा हक्क आहे आणि तो मागणे हे त्या वकिलाचे कामच आहे. समुपदेशकाची अडचण याहून नाजूक. व्यसनाच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याबाबत अमेरिकेत कडक संघीय नियम आहेत. आरोपीच्या लेखी संमतीने हजेरी, प्रगती आणि चाचण्यांचे निकाल पथकाला सांगता येतात, पण बंद खोलीत त्याने बालपणाविषयी जे सांगितले ते टेबलावर मांडायचे कारण नाही. कुणीतरी सहज विचारते, ‘तो तुमच्याशी काय बोलतो?’ त्या वेळी गप्प राहणे हेही समुपदेशकाचे कर्तव्य असते, कारण खबऱ्याशी कुणी खरे बोलत नाही आणि खरे बोलल्याशिवाय उपचार होत नाही.

न्यायाधीशांनाही आपली मर्यादा ओळखावी लागते. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावरची मान्यताप्राप्त औषधे आहेत. तरीही ‘औषध बंद केल्याशिवाय पदवी नाही’, म्हणजे उपचारक्रम पूर्ण झाला असे मानणार नाही, असे फर्मावणारी न्यायालये होती, आणि अशी सक्ती भेदभावविरोधी कायद्याचा भंग ठरू शकते, हे न्याय खात्याला २०२२ मध्ये लेखी सांगावे लागले. औषध कोणते, किती आणि केव्हा थांबवायचे हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. तीच गोष्ट पुन्हा पिण्याची. व्यसन जडलेल्या माणसाकडून पहिल्या महिन्यात खरे बोलण्याची आणि हजर राहण्याची अपेक्षा करता येते, संपूर्ण संयमाची नाही. म्हणून ‘काल प्यालो’ असे स्वतःहून सांगणाऱ्याचा उपचार बदलतात आणि प्याल्यावर खोटे बोलणाऱ्याला शिक्षा देतात. हा फरक प्रोबेशन अधिकाऱ्याच्या पोलिसी शिस्तीत सहज बसत नाही. तो शिकावा लागतो, आणि दर वर्षी नव्याने शिकवावा लागतो, कारण पथकातली माणसे सतत बदलत असतात.

बदलतात याचे कारण कामाचा भार. प्रोबेशन अधिकाऱ्याकडे या न्यायालयातील तीसच्या आसपास माणसे असावीत असे मानक सांगते. समुपदेशकाने नऊ ते बारा महिन्यांत प्रत्येकाला सुमारे दोनशे तासांचा उपचार द्यावा अशी अपेक्षा आहे. न्यायालय सुरू करायला संघीय अनुदान मिळते, प्रशिक्षणालाही मिळते. पण अनुदानाची मुदत संपली की पगार काउंटीच्या तिजोरीतून द्यायचे असतात आणि मग पहिली कात्री समन्वयकाच्या किंवा समुपदेशकाच्या जागेला लागते. न्यायाधीश राहतात, पदवी देण्याचे समारंभ होत राहतात. दारात जाऊन उभे राहणारा मात्र कुणी उरत नाही. ज्यांच्याशी विश्वासाचे नाते जुळले तीच माणसे मध्येच निघून गेली, तर उपचार घेणारा पुन्हा अनोळखी माणसासमोर पहिल्यापासून आपली कहाणी सांगत बसतो, आणि कित्येकदा सांगायचे टाळतो.

आपल्या वार्ताहरांनी या विषयावर पुढचा लेख लिहावा अशी विनंती आहे, आणि त्या वेळी न्यायाधीशांबरोबर एखाद्या समन्वयकाची, प्रोबेशन अधिकाऱ्याची आणि विशेषतः बचाव पक्षाच्या वकिलाची मुलाखत घ्यावी. गेल्या वर्षभरात पथकाच्या बैठकीत त्यांनी किती वेळा ‘मला हे मान्य नाही’ असे म्हटले, हा प्रश्न त्यांना आवर्जून विचारावा.

आपली नम्र,
एक वाचक
(व्यसनमुक्ती समुपदेशक)