डबा पोचला, पण ऐक

दांडिया बाजार, बडोदे

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला कॅल्शियमच्या गोळ्यांचा तिसरा डबा काल पोचला. फोनवर तू घाईत असतोस, मीही "बरी आहे" म्हणून मोकळी होते, म्हणून आज बसून लिहिते आहे.

दिवाळीत तू म्हणालास, आई, बुटकी दिसायला लागलीस. तू गेल्यावर लोणच्याची बरणी काढायला गेले तर फडताळाच्या वरच्या कप्प्याला हातच पुरेना. डॉक्टरांनी उंची मोजली, साडेचार सेंटीमीटर कमी! पाठीचा एक्स-रे काढला, तर एक मणका दबलेला निघाला. श्रावणात गादी उचलताना पाठीत चमक भरली होती, आठ दिवस शेकलं आणि विसरून गेले. तेव्हाच झालं असावं.

मग डेक्सा, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते मोजणारी तपासणी झाली. टेबलावर निजायचं, वरून यंत्र फिरतं, काही दुखत नाही. तरुण निरोगी हाडाशी तुलना करून टी-स्कोअर नावाचा आकडा देतात. उणे १ पर्यंत ठीक, त्याखाली हाड विरळ होत चाललेलं, आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. माझा खुब्याचा उणे २.७ आला.

आता एक गोष्ट सांगते, ती मी तुझ्या बाबांनाही उशिराच सांगितली. दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या किती घेतल्या, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी "थोड्या" म्हणाले. खरं तर दोन हिवाळे जुनी चिठ्ठी दाखवून मी त्या मेडिकलमधून परस्पर आणत होते. दुसऱ्या खेपेला घरातली सगळी पाकिटं पिशवीत भरून नेली आणि त्यांच्या टेबलावर मांडली. ते रागावले नाहीत. अशा गोळ्या तीन-तीन महिने रोज पोटात गेल्या की हाड झिजतं, हे मला त्या दिवशी कळलं. फार वाईट वाटलं रे. दम्याचं औषध आता छातीचे डॉक्टर ठरवतात, मी मनाने काही घेत नाही आणि मनाने बंदही करत नाही.

रक्तात ड जीवनसत्त्व कमी निघालं, बडोद्याच्या उन्हात राहून! आधी ते भरून काढलं. एक दाढ हलत होती, तीही काढून घेतली, आणि जखम भरल्यावरच हाडाची गोळी सुरू झाली.

तू दर सहा महिन्यांनी घ्यायच्या हाडांच्या इंजेक्शनचा आग्रह धरलास, तो मी डॉक्टरांपुढे ठेवला. ते म्हणाले, औषध चांगलं आहे, पण त्याची तारीख चुकवून चालत नाही. मध्येच थांबलं तर हाड झपाट्याने विरळ होतं आणि मणके दबू शकतात. मी कधी ताईकडे दोन महिने, कधी तुझ्याकडे तीन. म्हणून आम्ही दोघांनी मिळून आठवड्याची गोळी ठरवली. गुरुवारी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची, अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. बाबा त्या दिवशी आपलाही चहा माझ्यासाठी थांबवतात.

कॅल्शियमचं म्हणशील तर दूध, दही, नाचणीची भाकरी, तीळ हे सगळं धरून दिवसाला साधारण १२०० मिलिग्रॅम हवं. माझं बरंचसं जेवणातून होतं, उरलेल्यासाठी जेवणानंतर एक गोळी पुरते. तुझे डबे वर्षभर पुरतील. आणखी पाठवू नकोस.

रोज सकाळी कमाटीबागेत चालते. पुढे वाकायची आसनं डॉक्टरांनी बंद केली आहेत. सूर्यनमस्कार सुटले याची मात्र रोज रुखरुख लागते.

ताईला सांग, तिच्या डॉक्टरांना माझा मणका आणि आजीचा मोडलेला खुबा, दोन्ही सांगायचं. आजी वाकली तेव्हा वय झालं म्हणून आपण सगळे गप्प बसलो होतो.

आणि तुला काही करायचंच असेल तर येताना ड्रिल मशीन घेऊन ये. न्हाणीघरात नळाजवळ स्टीलचा दांडा बसवायचा आहे, आणि जिन्याच्या वरच्या पायरीला दिवा. बाबा स्टुलावर चढतो म्हणतात, ते मला नको आहे.

तुझी,
आई